बेबीबाईला झालेला लकवा

आसगावात बेबीबाईचे हात रिकामे कुणी पाहिलेले नाहीत. शेजारीण रांगोळी काढत असली तरी तिच्या चिमटीतला रंग घेऊन ही उरलेला कोपरा भरून टाकायची. लग्नघरी पाहुणी म्हणून जायची आणि थोड्याच वेळात पंगतीत भात वाढताना दिसायची. तिचे यजमान यादोराव यांना लकवा मारून उजवा हात लुळा पडला, तेव्हा तर तिला घरातच पुरेपूर काम मिळालं. बटणं ती लावायची, घास ती भरवायची. यादोरावांनी पाण्याच्या पेल्याकडे डावा हात नेला रे नेला की, "राहू द्या, मी करते!" म्हणत ती पेला थेट त्यांच्या ओठांना लावायची. एके काळी बैलबाजारात आवाज चढवणारे यादोराव बाजेवर गप्प बसून राहायचे.

मुलगी हर्षा नागपूरला ऑक्युपेशनल थेरपी शिकत होती. अधू झालेल्या माणसाला जेवण, अंघोळ, कपडे ही रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणं, हा तिचा अभ्यास. दिवाळीच्या सुट्टीत तिनं परवानगी काढून कॉलेजचा एक हेडसेट घरी आणला. तो डोळ्यांवर चढवला की माणूस एका आभासी घरात जायचा, आणि तिथं त्याला लकवा झालेला असायचा. पेशंटचं दुखणं विद्यार्थ्यांना आतून कळावं, म्हणून ही सोय. घरच्या माणसांना त्यातून काय कळतं, ते हर्षाला पाहायचं होतं.

बेबीबाईनं हेडसेट चढवला. आतलं चित्र आणि आवाज हर्षाच्या लॅपटॉपवरही येत होते, बाजेवरून यादोरावांना ते दिसत होतं.

"अवो बाप्पा, केवढं मोठं सैपाकघर! पण माहा उजवा हात काहून उठत नाही?"

"तुले लकवा झाला आहे, आई. डाव्या हातानं चाय मांड."

बेबीबाई कामाला लागली. साखरेचा डबा धरला तर झाकण निघेना, झाकण धरलं तर डबा निसटे. कपाळावर घाम आला. शेवटी डबा भिंतीला दाबून तिनं झाकण सैल केलं, तोच त्या घरातली सून कुठून तरी आली. "राहू द्या, मी करते," म्हणत तिनं डबा काढून घेतला. पातेल्याचंही तेच झालं, कपाचंही तेच.

"अवो, मले करू दे ना!" बेबीबाई हवेत हात झटकत ओरडली. "जमूनच राहिलं होतं, अन् हे मधात!"

बाजेवरून हसण्याचा आवाज आला. यादोराव ठसका लागेपर्यंत हसत होते. बेबीबाईनं हेडसेट उतरवला. "कायले हासता?"

"काही नाही. थे सून ओळखीची वाटली."

बेबीबाई लाजली, मग जरा रागावली, मग आत निघून गेली. रात्री तिनं यादोरावांपुढं ताट ठेवलं आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली. वरण धोतरावर सांडलं. पदरात हालचाल झाली, पण हात बाहेर आले नाहीत. यादोरावांनी सावकाश, सांडत-लवंडत, ताट संपवलं आणि पुन्हा भात मागितला.

सुट्टी संपली तेव्हा हर्षाची बॅग डाव्या खांद्यावर घेऊन यादोराव एसटीपर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा थांबले. बेबीबाई मागून येत होती. आईनं बॅगेकडे पाहिलंसुद्धा नाही, असं हर्षा कौतुकानं सांगते.

"पाह्यलं होतं," बेबीबाई म्हणते.