चालता-बोलता गेलेली माणसं

गिरणीवाल्या बाईला हळू बोलता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. पंचवीस-तीस वर्षं पट्ट्याच्या खडखडाटात गिऱ्हाइकांशी बोलून माझा आवाज चढला तो चढलाच. घरात मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटतं भांडण चाललंय. नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावात गिरणी नवऱ्याची म्हणून ओळखतात आणि चालवते मी. नवरा पट्टा बदलतो, दगडाला टाकी लावतो आणि उरलेला वेळ पेपर वाचतो. माणूस वाईट नाही.

दोन वर्षांपूर्वी मला अ‍ॅटॅक आला, तोही गिरणीतच. सकाळपासून जबडा ठणकत होता, पाठीत कुणीतरी कोपर रोवल्यासारखं वाटत होतं आणि एका लग्नघरचं दळण अडलेलं. मी थंड दूध प्याले, ओवा चावला, पित्ताला चार शिव्या घातल्या आणि दळण उरकलं. शेवटच्या पोत्यावर टेकले ती उठलेच नाही. नगरला नेलं, हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली, घरी आणलं. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "पुण्याई म्हणून वाचलीस गं." पुण्याई कसली डोंबलाची! शेजाऱ्याची गाडी दारात उभी होती म्हणून वाचले.

पुढं तपासणीला नगरला वरचेवर जावं लागायचं. दवाखान्याच्या भिंतीवर एक कागद लावलेला होता. हृदयविकाराच्या संशोधनासाठी स्वयंसेवक हवेत, घरबसल्या मोबाईलवरून माहिती द्या. सोबत माझी भाची होती, धाकट्या भावाची मुलगी. राहुरीला शेतकी शिकते. तिनं फोन त्या कागदावरच्या चौकोनावर धरला आणि म्हणाली, "आत्या, भरायचा का तुझा फॉर्म?"

मी म्हटलं, भर. मी पित्त समजून मरायला निघाले होते. माझ्यासारखी अजून कुणी कुठल्या गावात ओवा चावत बसली असेल, तर तिला तरी कळू दे. नवरा म्हणाला, "नसता उपद्व्याप." मी त्याच्याकडं बघितलं, तसा तो पेपरात घुसला.

आधी संमतीचं पान होतं. तुमचं नाव कुठं दिसणार नाही, नंबर मिळेल, वाटलं तेव्हा सोडून द्या, असं सगळं लिहिलेलं. मी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी परवानगी लेखी मागत होतं. लग्नात सुद्धा कुणी मागितली नव्हती.

मग दर रविवारी भाची यायची आणि आम्ही प्रश्न सोडवायचो. बीपीचं मशीन दंडाला लावून आकडे टाकायचे, किती चाललात, किती झोपलात ते लिहायचं. भाषा मात्र तालुक्याच्या साहेबासारखी. "आपणांस छातीत अस्वस्थता जाणवते काय?" मी म्हणायचे, "लिही, जाणवते. नवऱ्याकडं बघितलं की जाणवते." भाची हसून लोळायची आणि 'नाही'वर बोट ठेवायची.

तीन-चार आठवडे असे मजेत गेले, मग घराण्याचा भाग आला. आई हयात आहे काय? नाही. मृत्यूसमयी वय? एकोणपन्नास. मृत्यूचे कारण?

"कारन कसलं? चालता-बोलता गेली. पुण्यवान हुती," मी म्हटलं.

भाचीचा अंगठा थांबला. "आत्या, हे कारन न्हाई."

"मग काय लिहायचं? दुपारी शेंगा फोडीत बसली हुती, तिथंच आडवी झाली. खाट धरली न्हाई, कुनाकडनं करून घेतलं न्हाई."

"बरं. मावशी?"

चोपन्न. नळावर पाण्याला गेली, तिथंच बसली. सोन्यासारखं मरण. धाकटे मामा? चव्वेचाळीस. आईच्या आधी वर्षभर. बांधावर भाकरी खाऊन टेकले ते टेकलेच. आजोबा? ते पण बैलं सोडता सोडता. मी सांगत गेले आणि माझाच आवाज माझ्या कानाला कसातरी लागायला लागला. अगं बाई! एवढं पुण्य एकाच घराण्यात आलं कुठून? गावात एकेक नग असे आहेत की दुसऱ्याचा बांध कोरून कोरून नव्वदीला पोचलेत. आणि आमचीच पुण्यवान माणसं चव्वेचाळीसला, एकोणपन्नासला उचलली जातात? पोरांची लग्नं व्हायच्या आत?

तिथं 'माहीत नाही' असाही एक पर्याय होता. भाची म्हणाली, तो लावू. मी नको म्हटलं. आपल्या आईला काय झालं होतं ते माहीत नाही, असं लिहायची मला लाज वाटली. आणि त्याहून मोठी भीती वाटली ती भाचीच्या बापासाठी, म्हणजे माझ्या भावासाठी. तो ह्या वर्षी एकोणपन्नासचा झाला होता.

त्याचा टेम्पो आहे, कांदा वाहतो. गिरणीचा नवा दगड त्यानं एका हमालाला घेऊन तीन पायऱ्या चढवून आत आणला होता, मी डोळ्यांनी बघितलंय. हल्ली त्याच तीन पायऱ्या चढून आला की चौकटीला हात लावून उभा राहतो. "ऊन लागलं जरा," म्हणतो. जानेवारीत कुठलं ऊन? मी किती वेळा सांगितलं, एकदा ईसीजी काढून ये. त्याचं उत्तर ठरलेलं, "आपल्या घरात कुनाला काय हाय व्हय?"

तेव्हा मी ठरवलं, कुणाला काय होतं ते आता काढतेच. एसटी धरून खर्ड्याच्या बाजूला मामांच्या गावी गेले. थोरले मामा अजून आहेत. चहा व्हायच्या आत मी विषय काढला आणि म्हातारा कडाडला. "माझ्या भैनीला रोगी ठरवती व्हय गं? सोन्यासारकी मानसं गेली आमची. त्यांची नावं आता मोबाईलमधी टाकून इटाळती?"

"नावं न्हाई टाकीत, मामा. फकस्त काय झालं ते टाकती."

"देवाचं बोलावनं आलं, हे झालं!"

माझा पण पारा चढला. मी म्हटलं, "देवाला आमचंच घर बरं सापडतंय दर येळी." मामांनी तोंड फिरवलं. परत चहा विचारला नाही.

धाकट्या मामी तेवढ्या मी चपला घालेपर्यंत दारात आल्या. त्यांचं कुंकू गेलं तेव्हा त्या चाळिशीच्या सुद्धा नव्हत्या. माझ्या पिशवीत शेंगदाण्याची पुडी कोंबता कोंबता म्हणाल्या, "आठ दिस डावा हात चोळीत हुते. मी तेल लावून द्यायची. म्हनायचे, फवाऱ्याचा पंप वाहून भरून आलाय."

"मामी, हे तुमी कधी बोलला न्हाईत?"

"मला कुनी इचारलंच न्हाई, बाई."

एसटीत बसल्यावर मी रडले. राग आणि रडू एकदम आलं की माझं नाक आधी लाल होतं. शेजारच्या बाईनं मला खिडकी दिली.

मामींचं सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "आक्का, तू ते फॉर्मबिर्म बंद कर. पोरीसाठी स्थळं बघायला लागलोय. घरान्यात हार्ट हाय म्हनल्यावर दारात कोन येईल?"

"आन् तू मेल्यावर कोन येईल?"

त्यानं फोन ठेवून दिला. महिना गेला, दोन गेले, दवाखान्याचं नाव नाही. भावजय म्हणायची, तुम्हीच सांगा वन्सं, माझं तर ऐकत नाहीत. मी सांगायचे, तो टेम्पो चालू करायचा. असं करत दिवाळी आली.

भाऊबीजेला तो भाचीला घेऊन आला, नवा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन. पायऱ्या चढला आणि चौकट धरली. मी बघितलं आणि पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, तो टोपी घालून बसला. मी ताट घेतलं, निरांजन लावलं, त्याला टिळा लावला आणि तशीच ताट घेऊन उभी राहिले.

"ओवाळ की आक्का. ताटकळत ठिवती व्हय?"

"आधी ईसीजी."

त्याला वाटलं थट्टा. नवऱ्याकडं बघून हसला. मी हलले नाही.

"आक्का, सनासुदीचं काय लावलंस हे?"

"तुला आयुष्य मिळावं म्हनून ओवाळायचं ना? मंग ऐक. आई धाकट्या मामांना दर साली ओवाळायची. एक साल चुकली न्हाई. चव्वेचाळीसला गेले. मी असलं ओवाळनार न्हाई. उठ, दवाखान्यात चल, तिथनं आलो की धा वेळा ओवाळते."

नवरा म्हणाला, "अगं, भावाला पाटावरून उठवू नये." मी म्हटलं, "तुमी पेपर वाचा."

भावाचा चेहरा लाल झाला. टोपी काढून त्यानं पाटावर आपटली. "आईला हार्टचं काय नव्हतं! कशाला ते उकरती सारखं? पुण्यवान हुती, गेली. तसंच ऱ्हाऊ दे की!"

"का ऱ्हाऊ दे? तुला काय माहीत तिला काय हुतं न् काय नव्हतं?"

"मला माहीत हाय!" तो असा ओरडला की भाची आतून धावत आली. मग त्यानं टोपी उचलून झटकली. "मला सांगितलं हुतं तिनं. सकाळी म्हनली, छातीवर कुनी बसल्यावानी हुतंय रं. मी म्हनलं, पित्त आसंल. दुकानातनं सोड्याची बाटली आनून दिली. ढेकर आला तिला. बरं वाटलं म्हनली. मंग मी क्रिकेटला गेलो. एकोनीस वर्साचा घोडा हुतो मी, आक्का. तिला गाडीवर घालून नेता आलं असतं."

तीस वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन टेम्पो चालवत होता. आईची पुण्याई त्याला हवी होती, कारण पुण्याईनं गेलेल्या माणसाला कुणी दवाखान्यात न्यायचं राहिलेलं नसतं. आणि मी मूर्ख, मला वाटत होतं हा फक्त स्थळांना घाबरतोय.

मी ताट खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. "मला पन सांगितलं हुतं," मी म्हटलं. हे मी तोवर नवऱ्याला सुद्धा बोलले नव्हते. "संक्रांतीला माझ्याकडं आली, तर स्टँडवरनं घरापत्तूर दोनदा बसली. म्हनली, चालवंना. मी म्हनलं, वय झालं आता तुझं. एकोनपन्नासाव्या वर्षी मी तिला वय झालं म्हनलं. आज तू एकोनपन्नासचा हायस. झालं का वय तुझं? सांग, झालं का?"

तो नुसता मान हलवत राहिला. भाचीनं शेजाऱ्याच्या गाडीची किल्ली मागून आणली. नवऱ्यानं पेपराची घडी घातली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाला, "चला. मी म्होरं बसतो."

नगरला ईसीजी काढला. डॉक्टरांनी कागद बघितला, भावाकडं बघितलं आणि त्याला घरी सोडलंच नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीत दोन नळ्या जवळजवळ बंद निघाल्या. दोन स्प्रिंगा टाकल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी म्हटलं, वेळेत कसलं साहेब, तीस वर्षं उशिरा आणलं. त्यांना काही कळलं नाही. मीही सांगत बसले नाही.

थोरल्या मामांचा फोन आला. टिळा लावलेल्या भावाला न ओवाळता उठवला म्हणून सगळ्या पाहुण्यांत माझी छी-थू चालली होती म्हणे. मी म्हटलं, "उठवला मामा, परत उठवीन. आन् तुमी पन एक ईसीजी काढून घ्या, न्हाईतर पुढच्या आठवड्यात मी खर्ड्याला येती." त्या वर्षीचं ओवाळणं राहूनच गेलं, आणि मला त्याची तसूभर खंत नाही. भाचीचं एक स्थळ ह्या बातमीनं माघारी गेलं. ती म्हणाली, "ज्यांना ईसीजीची भीती वाटती त्यांच्या घरात माझं काय काम?" माझ्यावर गेलीय ती, असं भावजय म्हणते. बिचारीला ते कौतुकानं म्हणायचं की तक्रारीनं, अजून ठरवता आलेलं नाही.

भाऊ घरी आल्यानंतरच्या रविवारी मी त्याच्याकडं गेले. फॉर्मातलं सगळं भरून झालं होतं. मावशीचं, मामांचं, आजोबांचं जेवढं खरं कळलं तेवढं लिहिलं होतं. आईचा रकाना तेवढा मी मोकळा ठेवलेला. भाची म्हणाली, "आत्या, आज लिहायचं का?"

भाऊ खाटेवर उशीला टेकून बसला होता. हात पुढं करून म्हणाला, "दे हिकडं."

त्यानं एका बोटानं लिहिलं. फार वेळ लावला. भावजय चहा घेऊन आली आणि कप तसाच धरून उभी राहिली. मग त्यानं फोन माझ्याकडं दिला. मृत्यूचे कारण, ह्याच्यापुढं त्यानं लिहिलं होतं: हार्ट. सकाळी मुलाला सांगितले होते. त्याने सोडा दिला.

मी चष्मा लावला आणि त्याच्या खाली माझ्या हातानं लिहिलं: त्याआधी मुलीला पण सांगितले होते. मुलगी म्हणाली वय झाले.

भाचीनं विचारलं, "पाठवू?" आम्ही दोघंही एकदम पाठव म्हणालो.