शेपटाकडून लिहिणारा

"आधी शेपूट, मग तोंड," असं डावरा नेहमी म्हणायचा आणि कुठलीही पाटी शेवटच्या अक्षरापासून रंगवायला घ्यायचा. हात डावा. पहिल्या अक्षरापासून निघालं तर मनगट ओल्या रंगावरून फिरणार, म्हणून आयुष्यभर त्याने अक्षरं उलट्या वाटेने नेली. उन्हाला पाय पसरून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी ती दुकानांवर निवांत बसायची. पुढे छापील पाट्या आल्या आणि एकेक दुकान त्याच्या हातून गेलं. उरली एकच काच, थोरल्या बहिणीच्या बेकरीची.

यंदा ताईने आधीच बजावलं होतं. "नाताळाची काच देतेय, पण वेडंवाकडं केलंस तर पुढल्या वर्षी छापून आणीन. मग भाऊ म्हणून रडायचं नाही."

"तू पाव भाज गं. अक्षरांना आच लावू नकोस," म्हणत तो स्टुलावर चढला.

काचेवर एकच शब्द हवा होता, इंग्रजीत 'ख्रिसमस'. शेवटच्या अक्षराच्या शेपटीला त्याने सोनेरी वळसा दिला. तो इतका देखणा उतरला की गडी हरखून गेला. अलीकडची दोन अक्षरंही त्याच थाटात, ऐसपैस. मान वळवून बघतो तो दाराची चौकट हातभर अंतरावर, आणि ख्रिस्ताचं अख्खं नाव अजून डब्यातच! त्याने डोकं खाजवलं आणि उरलेल्या जागेत एक तांबडी फुली ठोकून दिली. झालं 'एक्समस'.

ताई पिठाच्या हातानेच बाहेर आली. "देवाच्या नावावर काट मारलीस?"

"काट कसली? सगळेच लिहितात तसं."

"सगळ्यांची काच नाही ही. पूस! नाहीतर आत्ताच जाते छापणाऱ्याकडे."

त्याने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली. त्याचं तोंड इतकं उतरलं की ताईलाच कसंसं झालं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. तेवढ्यात पाव न्यायला म्हातारे फादर आले.

"पुसतोस कशाला? नावच आहे ते."

"फादर, फुली आहे ती!" ताई म्हणाली.

"दिसते फुलीसारखी. ग्रीकमध्ये ख्रिस्ताच्या नावाचं पहिलं अक्षर असंच असतं. पूर्वी ग्रंथ हाताने उतरवून घेणारे पवित्र नावं थोडक्यात लिहायचे, वर मानाची एक रेघ ओढायचे. तेच अक्षर पुढे इंग्रजीत या सणाच्या नावाला चिकटलं."

डावऱ्याचे डोळे लकाकले. "म्हणजे त्यांनाही जागा पुरत नव्हती?"

"ते मानापोटी लिहायचे रे. तुझ्यासारखी जागा शेपटीत उधळली नव्हती कुणी."

ताईला हसू आवरेना. ते लपवायला ती खेकसली, "मग मानाची रेघ कुठाय?"

चिंधी खाली पडली. डावऱ्याने ब्रश सोन्यात बुडवला आणि फुलीच्या डोक्यावर एका दमात रेघ ओढली.

"पुढल्या वर्षी आधी काच मापून घे," ताई म्हणाली.

"पुढल्या वर्षी?"

"बहिरा झालास काय?"

तो डबे उचलून शीळ घालत निघाला. ताई आत जाऊन काचेपाशी उभी राहिली. आतून बाकीची वळणदार अक्षरं उलटी दिसत होती, फुली मात्र दोन्हीकडून फुलीच. त्या फुलीच्या दोन पायांमधून भाऊ दिसत होता, डाव्या हाताने हवेत शेपट्या काढत चाललेला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ताई बघत राहिली.