कुणाच्यातली भाकरी

माईसाहेबांनी माझ्या भाकरीचा तुकडा मोडला, शेंगदाण्याच्या चटणीत बुडवला, ओठांपर्यंत नेला आणि तिथंच थांबवून विचारलं, "गाव कुठलं म्हणालीस गं?"

"शेळगाव."

"शेळगावात कुणाच्यातली?"

हा प्रश्न आमच्याकडं रांगत्या पोरालाही कळतो. त्यात घर विचारलेलं नसतं, गल्ली विचारलेली नसते. मी आडनाव सांगितलं. वस्ती सांगितली. मोठ्यानं सांगितलं, कारण हळू बोलणं मला जमतच नाही. मी कानात बोलले तर भिगवणपर्यंत ऐकू जातं, असं आई म्हणते.

तुकडा खाली आला. बशीच्या कडेला टेकला.

"अगं बाई, माझा आज उपवास हाय. ध्यानातच राहिलं न्हाय बघ."

याच माईसाहेबांनी शेजारच्या टेबलावर आत्ताच मूठभर लसूण शेव खाल्ली होती. दाताला अजून पिवळं होतं. मी ते दात बघत उभी राहिले.

उपवास हा साथीचा रोग आहे, हे मला त्या दिवशी समजलं. माईसाहेबांच्या मागं जे पाहुणे होते त्या सगळ्यांना तो लागला. एकाची चतुर्थी निघाली, एकाचा सोमवार. वार गुरुवार होता. एका भाऊसाहेबांच्या तोंडात चकली होती, ती तशीच गालात धरून त्यांनी मला हातानं खूण केली, उपवास. देवानं वरून खाली बघितलं असेल तर तोसुद्धा घाबरला असेल, की आज अचानक एवढे भक्त कुठून आले.

ही गोष्ट बारामतीतल्या एका मंगल कार्यालयातली. स्वतःचा धंदा कसा सुरू करायचा याचं शिबिर होतं. शिकवायला पुण्याचे सर. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठं लिहिलं, आयडिया. खाली दोन रेघा ओढल्या. म्हणाले, "आयडियाला जात नसते, धर्म नसतो. डोकं चालवा." मी टाळ्या वाजवल्या. पार तळहात लाल.

डोकं तर माझं कायम चालू. एमआयडीसीत पॅकिंगला उभी राहायचे तेव्हा डोक्यात आयडियांची रांग, गाळप सुरू झाल्यावर कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर लागतात तशी. नवरदेवाला घोड्याऐवजी सजवलेली बुलेट भाड्यानं. फुटक्या पेरूचा जॅम. म्हशीला उन्हाळ्यात पंखा, महिन्याच्या हप्त्यावर. जॅम केला तर तो असा घट्ट झाला की चमचा आजही त्या बरणीत उभा आहे, उपटून निघत नाही. म्हशीच्या पंख्याचं सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला, "आधी आपल्या शेडला पंखा लागू दे बाई." पण हसण्यावारी जाता जाता एक आयडिया राहिली. कडक भाकरी.

ज्वारीची. कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत कडक करायची. महिनाभर टिकते. मोडली की असा आवाज होतो की शेजारचं कुत्रं उठून बसतं. आईच्या हातची अशी भाकरी आमच्या पूर्ण तालुक्यात नाही, आणि हे मी वाढवून सांगत नाही. बाकीचं वाढवून सांगते, हे नाही. बारामतीत शिकायला राहिलेली पोरं, रात्रपाळीचे कामगार, लांबचा प्रवास करणारे, सगळ्यांना चालेल असा माल. मी नोकरी सोडली ती याच्या भरवशावर.

आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापला नमुना मांडला, प्रमुख पाहुण्या माईसाहेब आणि बाकीच्या पाहुण्यांनी चव घेऊन माईकवर दोन शब्द बोलायचे असं ठरलं, आणि माझ्या टेबलापाशी आल्यावर सगळा हॉल उपाशी.

मी सरांकडं गेले. म्हटलं, "सर, तुम्ही तरी खाऊन बघा."

"नंतर घेतो मॅडम, नक्की घेतो." त्यांचा हात खिशात गेला, मोबाईल बाहेर आला. मोबाईलकडं बघतच ते म्हणाले, "एक सुचवू का? फूडमध्ये फार स्पर्धा आहे. तुम्ही हाऊसकीपिंगचं बघा. साफसफाईची कंत्राटं. त्यात तुम्हाला खूप स्कोप आहे."

तुम्हाला.

शिवी दिली असती तर उलट दिली असती. शिव्यांचा माझ्याकडं साठा आहे. पण माणूस प्रेमानं, हसून, माझ्या भल्याचं म्हणून हातात झाडू देत होता. त्याला उलट काय द्यायचं? एवढ्या आयडिया येणारं डोकं, बंद.

माल गोळा करून फाटकापाशी रिक्षाची वाट बघत होते, तर माईसाहेबांचा ड्रायव्हर आला. इकडं तिकडं बघून म्हणाला, "ताई, माईसाहेबांनी दोन पाकिटं मागितल्यात. पेपरात गुंडाळून द्या, म्हणल्या."

मी दिली. का दिली, माहीत नाही.

आठवडा गेला आणि माईसाहेबांचा फोन. "कोऱ्हाळ्याला बंगल्यावर ये. तुझ्या फायद्याचं बोलायचंय."

आई म्हणाली, जा. माझी आई कमी बोलते. घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलंय. पण त्या दिवशी बोलली. "माझ्या आजेसासूला गावात दारोदार टोपली घिऊन भाकर मागाय लागायची. कामाचा मोबदला म्हणं. शिळी, वरनं टाकलेली. धर्म बदलला तवा तिनं ती टोपली चुलीत घातली. तुला तर भाकर इकायला मिळतीया. जा."

गेले. बंगला असा, की आमची अख्खी वस्ती त्याच्या पोर्चमध्ये बसेल आणि वर लग्नाचा मांडव पडेल. माईसाहेब ओसरीवर चहा घेत होत्या. समोर बशीत माझी भाकरी. माझ्यासमोर मोडली, चहात बुडवली, खाल्ली. तोंडभरून कौतुक केलं.

"चवीला तोड न्हाय गं पोरी. आमचं साहेब तर रोज मागत्यात."

"उपवास सुटला व्हय माईसाहेब?"

हसल्या. राग नाही आला त्यांना. म्हणाल्या, "चार लोकांत बघावं लागतंय. तू शाणी हायस, तुला कळतंय. हे बघ, मागं गोठ्याशेजारी मोकळी शेड हाय. तिथं तू आन् तुझी आई भाकऱ्या करा. पाकीट मी छापते. माझं नाव टाकू. माझ्या नावावर पुण्यापतोर जाईल माल."

"आन् माझं नाव?"

"तुझं कशाला मधी? लोक नाव बघून घेत्यात. तुझं नाव टाकलं तर खाणार कोण?"

"तुमी खाताय की."

माईसाहेबांनी हातातला तुकडा परत बशीच्या कडेला टेकवला.

मी खरं सांगते, मोह झाला होता. शेड होती, गिऱ्हाईक होतं, आईला उन्हात सरपण आणावं लागलं नसतं. मी मनात हिशेब लावून हो म्हणून ठेवलं होतं. पण बंगल्यात शिरताना गड्यानं मला बाजूच्या बोळातून आणलं होतं, आणि शेडही मागंच होती. पणजीच्या वेळी भाकरी त्यांची असायची आणि पसरलेला हात आमचा. आता पीठ आमचं, हात आमचा, चव आमची, आणि नाव त्यांचं. एवढी पिढ्यांची पायपीट करून आम्ही मागच्या दारातून निघून मागच्याच दारात आलो होतो.

"नाव माझंच लागंल माईसाहेब. आडनावासकट."

"मग बस करत आन् बस खात," त्या म्हणाल्या. बशी पुढं सरकवली. "घिऊन जा ही."

बशी मी उचलली नाही. पुढच्या दारानं बाहेर पडले. गडी मागून ओरडत होता, बाई इकडनं, इकडनं. मला ऐकू येत नव्हतं. भिगवणला जात असेल.

आई चिडली. "नावाचं काय लोणचं घालायचंय?" म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी काही न बोलता परात घेऊन बसली आणि थापायला लागली.

धंदा कसा चाललाय विचाराल तर, चालत नाही, रांगतोय. कऱ्हाटीचा दुकानदार भला माणूस. म्हणतो, "ताई, माल एक नंबर. नाव तेवढं बारीक करा की."

"किती बारीक?"

"दिसणार न्हाय इतकं."

दुसऱ्यानं पाकिटं ठेवून घेतली आणि महिन्यानं तशीच परत दिली, धूळ बसलेली. पोत्यात, मागच्या बाजूला ठेवली होती, त्यानंच सांगितलं. एकानं स्वतःच्या दुकानाचं लेबल वर चिकटवून विकली, तर दोन दिवसांत निम्मी संपली. तेव्हा मी रडले नाही. मी त्याच्या दुकानात उभी राहून उरलेल्या पाकिटांवरची ती लेबलं नखानं खरवडून काढली. गिऱ्हाईकांसमोर. मग माल उचलून निघाले.

आता आठवडी बाजारात स्वतः बसते. पाकिटावर आडनाव असं मोठं छापलंय की उजनीच्या पलीकडच्या काठावरून म्हाताऱ्यानं चष्म्याशिवाय वाचावं. खाली गाव. खाली वस्तीचं नाव. कुणी विचारायच्या आधी मीच सांगते, कुणाच्यातली ते. काहीजण घेतात. काहीजण पाकीट उचलतात, वाचतात, परत ठेवतात. ठेवताना नाव पालथं करून ठेवतात.

मी त्यांना हाक मारत नाही. ते पाकीट उचलते, फडक्यानं पुसते, सुलटं करते आणि ओळीत सगळ्यात पुढं लावते.