बाबांचा ठिपका

दुधाचा एक थेंब भरपूर पाण्यात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्यातले स्निग्धांशाचे बारीक गोळे थरथरताना दिसतात. पाण्याचे रेणू त्यांना चारी बाजूंनी ढकलत असतात आणि ते बिचारे कुठेच न पोचता सतत हलत असतात. माझं अर्धं आयुष्य या गोळ्यांच्या पाठलागात गेलं. अमरावतीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. तास संपले, की प्रयोगशाळेत मी आणि माझे ठिपके. लग्न केलं नाही, किंवा राहून गेलं म्हणा. लोकांना दोन्ही उत्तरं पटत नाहीत, म्हणून मी उत्तर देणंच सोडलंय.

पाठलाग म्हणजे काय, तर कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं काढतो आणि प्रत्येक चित्रात पन्नास-साठ ठिपके असतात. या चित्रातला हा ठिपका मागच्या चित्रातला कोणता, हे संगणकाने ठरवायचं. ठिपक्यांना तोंडवळा नसतो. म्हणून जो सगळ्यात जवळ, तोच तो, असं धरून चालायचं. एखादा मध्येच दिसेनासा झाला तर किती चित्रं त्याची वाट पाहायची, तेही आधीच सांगून ठेवावं लागतं. मी तीन सांगते. त्यानंतर तो परत आला तरी नवा म्हणून धरला जातो. हेच गणित चौकातल्या गाड्यांना लागतं, मैदानावरच्या खेळाडूंना लागतं, शरीरातल्या पेशींनाही लागतं. वर्गात हे सांगताना मला भारी चेव येतो.

आई गेल्यावर हे गणित मी अकोल्याला, बाबांच्या घरात नेऊन लावलं. बाबा एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद करायचे. माझ्याकडे राहायला यायला ते तयार नव्हते. "तुया दोन खोल्यांत मी काय करू? तू तं दिवसभर कॉलेजात," म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग मी पुढच्या खोलीत दारावर एक छोटा कॅमेरा बसवला. त्याचं चित्र मात्र माझ्याकडे येणार नाही अशी सोय केली. त्यांना म्हटलं, "तुमाले कोणी पाहत नाही, बाबा. मले फक्त एक ठिपका दिसते. खुर्ची, कपाट, जे हलत नाही ते मशीन पुसून टाकते. हललं तंच दिसते." दिवसा तीन तास ठिपका दिसला नाही तर माझ्या फोनवर निरोप येणार होता. त्यांच्या खाजगीपणासाठी चित्र घेत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. खोटं होतं ते. एकटे बसलेले बाबा मला बघवणार नव्हते. ठिपका बघणं सोपं होतं.

पहिले काही आठवडे ठिपका कधीही, कुठेही फिरायचा. नंतर त्याला शिस्त लागली. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत, दर तासाच्या ठोक्याला तो खुर्चीकडून दारापर्यंत यायचा, मिनिटभर थांबायचा आणि परत जायचा. मी खूश. स्टाफरूममध्ये मिरवलंसुद्धा, ऐंशीला टेकलेत पण बघा कसे फिरतात. मग माझे फोन कमी झाले. रोजचा फोन रविवारवर आला आणि पेपर तपासायचे असले की रविवारचाही राहू लागला. ठिपका तर हलतोय, मग बोलायचं काय? जिवंत माणूस इतका घड्याळावर चालत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एखाद्या विद्यार्थ्याने दुधाचा गोळा असा सरळ रेषेत, वेळापत्रकाने जाताना दाखवला असता तर मी त्याला झापून परत प्रयोगाला बसवलं असतं.

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी दुपारी एक वाजता निरोप आला: खोली रिकामी. फोनवर ठिपक्याचं पान उघडून पाहिलं तर दहानंतर ठिपकाच नव्हता. फोन लावला, नुसता वाजत राहिला. वर्ग तसाच सोडला आणि मिळेल ती अकोल्याची गाडी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत किती वेळा फोन लावला, देव जाणे. बाबांशी शेवटचं काय बोलले होते ते आठवेना. मेथीचं काहीतरी होतं, एवढंच आठवलं.

माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. बाबा खुर्चीत होते. पाय समोरच्या स्टुलावर, गुडघ्याला ओला पंचा.

"काहून आली गं मधातच?"

"तुमी होते कुठं?" मी ओरडलेच.

"मी कुठं जातो? सकायपासून इथंच बसून हावो. गुडघा सुजला, उठताच नाही येऊन राहिलं. फोन तिकडं चार्जिंगले." मग ओशाळून म्हणाले, "आज सहा फेऱ्या रद्द झाल्या, बाई."

त्यांच्या शेजारी गजराचं घड्याळ होतं आणि एक कागद. त्यावर आठ ते आठ, तेरा फेऱ्यांच्या वेळा लिहिलेल्या. दहापर्यंत खुणा, पुढे लाल पेनाने सहा वेळा "रद्द".

"गाडी खिडकीसमोर आल्याबिगर तिची नोंद होत नाही," बाबांनी मला समजावलं. "तूच सांगतलं ना, हललं तंच दिसते. म्हटलं, आपली नोंद हुकू नये. तू तिकडं काळजी करशीन."

चालणं कमी करा म्हणून डॉक्टरांनी पावसाळ्यातच बजावलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तरी बाबा दुखऱ्या गुडघ्याने दिवसाला तेरा वेळा उठून माझ्यासाठी नोंद देत होते. आणि ज्या दिवशी उठता आलं नाही, त्या दिवशी माझ्या यंत्राने त्यांना कपाटाच्या हिशेबात टाकलं होतं. मला आधी त्यांचा राग आला, मग माझा, आणि मग रडू आलं. ते त्यांच्यापासून लपवता आलं नाही.

पाणी गरम करून गुडघा शेकला, खिचडी टाकली. मग दुसरं स्टूल ओढून स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराशी चढले.

"हा काढून टाकते. आता एकही फेरी नाही."

"नको काढू."

"काहून?"

"राहू दे. दिवसभर कोणीतरी पाहून राहिलं आपल्याले, तेवढंच बरं वाटते."

एक स्क्रू निघून माझ्या मुठीत आला होता. तो निरोप येईपर्यंत त्या महिन्यात मी ते पान एकदाही उघडलं नव्हतं.