जुगाराच्या बेटाला झोनबंदी

साऱ्या इंदापूर तालुक्यात अमेरिकेवर मनापासून रागावलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. मी शाळा चौथीत सोडलेली, तो मॅट्रिकपर्यंत गेलेला. त्यामुळं जगाचं काय चाललंय ते त्यानं सांगायचं आणि मी मान हलवायची, अशी वाटणी. बायको होती तोवर ती मधेच चहा पुढं करून त्याला गप्प करायची. तिला जाऊन आठ महिने झाले. आता त्याला गप्प करणारं कुणी नाही, आणि माझ्याशी बोलणारंही त्याच्याशिवाय कुणी नाही.

राग कसला, तर बारामतीत एक कॉम्प्युटरचं दुकान निघालंय, तासाच्या भाड्यानं बसू देतात. तिथं त्याला कळलं, की वेस्ट इंडीजकडं एक चिमुकलं बेट आहे, तिथलं सरकार जुगाराला परवाना देतं आणि अमेरिकेतली माणसं घरबसल्या कॉम्प्युटरवरून तिथं पत्ते खेळतात. अमेरिका म्हणते हा गुन्हा, बेट म्हणतं हा धंदा. मेव्हण्यानं स्वतः जन्मात पत्त्याला हात लावलेला नाही. पण त्या बेटावर पूर्वी नुसता ऊस होता आणि तो बुडाला, हे वाचल्यापासून बेट त्याला भावकीतलंच वाटायला लागलं. न्हावी, एमआयडीसीच्या फाटकावरचा वॉचमन, दिसेल त्याला विचारायचा, "तुमी बेटाच्या बाजूचं का अमेरिकेच्या?" एसटीतला कंडक्टर म्हणाला, "तात्या, आधी तिकीट कुठलं ते सांगा."

मला मात्र बैजवार समजावायचा. "दाजी, माणूस बसलाय अमेरिकेत, मशीन हाय बेटावर. मग जुगार झाला कुठं?"

"हरला तिथं," मी म्हणालो.

"तसं न्हाय वो! आपला ऊस आपल्याच कारखान्याला घालायचा, शेजारच्याला न्हाय, ही झोनबंदी व्हती का न्हवती? अमेरिका त्येच करतीया. आमची माणसं आमच्याच जुगारात हरली पायजेत!"

मला ऊस कळला, अमेरिका नाही कळली.

मग यंदा कारखान्याच्या वार्षिक सभेत, ऐनवेळच्या विषयांत, तो उठला आणि ठराव मांडला, की बेटावरची झोनबंदी उठवा असं अमेरिकेला कळवावं. मांडव हसून लोळला. "ह्यालाच बेटावर सोडून या!" कुणीतरी ओरडलं. अध्यक्ष म्हणाले, "अनुमोदन कुणाचं?" कुणाचंच नाही. मेव्हणा खाली मान घालून कागदाची घडी करायला लागला. तो असा खाली मान घालून गेला की येत नाही. हिच्या दहाव्याला मी त्याला नको ते बोललो, तेव्हा असाच गेला, दीड महिना फिरकला नाही. तो दीड महिना मी कसा काढला ते सांगत नाही. आम्ही दोघंही सभासद. मी हात वर केला.

"आबा, ठराव कळला का तुमाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाय. पण मेव्हणा माझा हाय. लिवा नाव."

ठराव पडला. बाजूनं हात दोनच. पण तेव्हापासून तो रोज संध्याकाळी येतो, पहिल्यापासून सगळं सांगतो आणि विचारतो, "आता तरी कळलं का, दाजी?" बेट, मशीन, अमेरिका, सगळं माझ्या डोक्यात कालवलं गेलंय. एखाद दिवशी थोडं उमजल्यासारखं होतं. त्या दिवशीही मी "न्हाय कळलं" म्हणतो. कळलं म्हणालो, तर तो चपला घालायला उठेल.