घोडेस्वाराच्या हनुवटीवरचा तीळ

मावशीकडे फुकट जेवायला लागून पंधरा दिवस झाले, तेव्हा मला अचानक लाजेची उबळ आली आणि मी भांडी घासायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. न सांगता केलेली कामंच माझ्या अंगाशी येतात, हे आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहूनही ठेवलंय. पेले झाले, कढई झाली, आणि खिडकीखालच्या टेबलावर एक धुळकट वाडगा दिसला, तोही सोडा टाकलेल्या कढत पाण्यात बुडवला. त्याच्या आत पिरोजी रंगावर एक घोडेस्वार होता. बाहेर काढला तेव्हा घोडा होता, अंगरखा होता, गळ्याच्या वर मात्र नुसतं पांढरं प्लास्टर. पाणी छान गुलाबी झालं होतं.

वाडगा इराणी, सात-आठशे वर्षांचा. अशी फुटकी जुनी भांडी सांधणं हा मावशीचा धंदा. तिच्या स्वयंपाकघरात आणि कामाच्या खोलीत फक्त एक उंबरठा आहे. अलीकडच्या बरणीत साखर, पलीकडच्या तशाच बरणीत प्लास्टर. माझ्या आईनं एकदा चहा केला होता, तेव्हापासून दोघी बहिणी एकमेकींच्या घरी चहा घेत नाहीत. मावशीचा एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर असतो, आणि ती तिसरा शोधत असते. सांधलेली भांडी वाळूच्या परातीत उभी करून वाळवते आणि त्यांना दम देते, "हललास तर बघ हं."

तिचा नियम एकच. सांधा चार हातांवरून दिसू नये, वीतभरावरून दिसायलाच हवा. पूर्वीच्या कारागिरांनी लपवलेले सांधे कापसाच्या बोळ्यानं उघडे पाडताना तिला कोण आनंद! "बघ, बघ, अर्धा वाडगा दुसऱ्याच वाडग्याचा! वर रंग फासून नवरदेव केलाय मेल्यांनी!"

म्हणून मला वाटलं, फार तर दोन शिव्या बसतील. मी म्हणालो, "मावशी, खोटाच होता ना तो चेहरा? तू तर रोज पुसतेस असले."

मी पाणी ओतायला निघालो तेव्हा ती म्हणाली, "राहू दे ते." मग तिनं त्या पाण्यावर ताट झाकलं.

"हनुवटीवरचा तीळ पाहिला होतास?"

"कुणाच्या?"

"स्वाराच्या. जुन्या इराणी स्वारांना तीळ नसतो रे. तो माझ्या आईचा."

मग कळलं, तो चेहरा माझ्या आजोबांनी रंगवला होता. ते एका व्यापाऱ्याकडे हेच काम करायचे. पोत्यातून खापऱ्या यायच्या आणि जाताना अखंड वाडगे जायचे. फुटलं होतं हे कुणाला कळू नये, हीच त्यांची कारागिरी. त्यामुळे आजोबाही कुणाला कळले नाहीत. मावशी त्यांच्याच हाताखाली शिकली आणि विशीत त्यांच्याशीच भांडली. ती म्हणायची, ही फसवणूक आहे. ते म्हणायचे, बाळ, फुटकं कुणाला हवं असतं? पुढची दोन वर्षं एकाच टेबलाशी बसून दोघं अबोल. सरसाची वाटी तेवढी इकडून तिकडे सरकायची.

हा वाडगा आला होता तो फक्त काठाचा टवका भरायला. एका दिवसाचं काम. मावशीनं तो तीन महिने ठेवून घेतला होता.

"चाळीस वर्षं लोकांचे मुखवटे उतरवले," ती म्हणाली. "हा एक राहू दिला होता."

शनिवारी वाडग्याचे मालक येणार होते. ते दातांचे म्हातारे डॉक्टर. मी तोड काढली, "सांग ना, तपासणीसाठी चेहरा काढावा लागला. तुझ्या नियमात बसतंय."

"बसतंय," मावशी म्हणाली. "म्हणूनच नको."

डॉक्टर आले, त्यांनी वाडगा हातात घेतला आणि बघतच राहिले. "अहो, हा गेला कुठे?"

"तो माझ्या वडिलांनी काढलेला होता," मावशी म्हणाली. "आणि धुतला माझ्या भाच्यानं. घरचाच मामला आहे. तुम्ही उगीच मधे सापडलात."

डॉक्टरांनी माझ्याकडे एखादी किडकी दाढ बघावी तसं पाहिलं. "रोज चहाच्या वेळी समोर असायचा हो. बोलायचो मी त्याच्याशी. नवा बसवा. पण ओळखू येता कामा नये. लोक मला त्याचेच तर पैसे देतात!"

"ओळखू येणार. आणि बुडाशी वडिलांचं नावही लिहिणार. चालत असेल तर ठेवा, नाहीतर घेऊन जा."

डॉक्टरांनी वाडगा उलटा केला, सुलटा केला, अंगठ्यानं प्लास्टर चाचपलं. "तीळ येईल ना पण?" एवढंच विचारलं आणि वाडगा ठेवून गेले.

दार लागल्यावर मावशीनं, तिचा नेम असतो तसा, वाडगा येताच काढून ठेवलेला फोटो माझ्या पुढ्यात टाकला, सोबत एक बारीक कुंचला. "तू पुसलास, तू काढ. माझा हात बाबांसारखा वळत नाही. वळू नये म्हणूनच आयुष्य घातलं."

चेहरा नखाएवढा. मी फुटक्या फरशांवर सराव करतोय. आजवर एकोणीस झाले. "हा तर तुझा बाप झाला, घोडा पाडेल त्याला," हे मावशीचं मत कालच्याबद्दल. तीळ जमतो, तोंड जमत नाही.

वाडग्याच्या बुडाशी मावशीनं पेन्सिलनं दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. पहिला चेहरा, पुढे आजोबांचं नाव. दुसरा चेहरा, पुढे काहीच नाही. डॉक्टरांचा फोन दर शनिवारी येतो, आणि भांड्यांना हात लावायची मला अजून बंदी आहे.