आईची सुनावणी

हे लिहायचा मला अधिकार आहे का, ठाऊक नाही. चूक माझी आणि सांगणाराही मीच, हे बरं दिसत नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण आई हे कुणाला सांगणार नाही आणि बाबा विषयच काढू देत नाहीत.

आई इथे आखातात, अल मनखूल भागातल्या एका नर्सरीत मदतनीस होती. मुलांना भरवायचं, झोपवायचं, कपडे बदलायचे. एक दिवस एक मूल घसरगुंडीवरून पडलं, कपाळाला टाके पडले. त्या तासाला अंगणातल्या ड्यूटीवर आईचं नाव होतं. खरं तर नर्सरीच्या मॅडमनीच तिला दुसऱ्या मुलाचे कपडे बदलायला आत पाठवलं होतं, पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. लहान मुलांसोबत काम करायची तिची परवानगी गेली. ती परत मिळावी म्हणून आम्ही परवानगी देणाऱ्या सरकारी समितीकडे अर्ज केला. अर्ज मी लिहिला, ईमेल आणि मोबाइल नंबरही माझाच दिला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून कागद म्हटला की माझ्याकडे.

सुनावणीचा ईमेल आला. मंगळवार, सकाळी साडेनऊ. खाली व्हिडिओची लिंक होती. ती मी पाहिली होती, हे इथे लिहायलाच हवं.

"साहेबांशी मोबाइलवर बोलायचं?" बाबा म्हणाले. ते शारजात गॅरेजमध्ये काम करतात. "समोर जाऊन उभं राहिलं की माणूस कळतो."

"पण बाबा, लिंक दिलीय."

"ती लांबच्या लोकांसाठी असेल. आपण काय लांब राहतो?"

ऑफिसला फोन करून विचारता आलं असतं. पण इंग्रजीत बोलावं लागलं असतं, आणि अनोळखी माणसाशी फोनवर इंग्रजी बोलायला मी घाबरतो. हे घरात अजून कुणाला माहीत नाही.

चार दिवस आई पोळ्या लाटताना हिंदीत पाठ करत होती. "सर, मैं उस टाइम अंदर थी. मैडम ने भेजा था." मध्येच मला विचारायची, "सर म्हणू की साहब?"

"काहीही म्हण. फक्त रडू नकोस."

"रडेन कशाला? मी काही केलंय का?"

मंगळवारी तिने राखाडी रंगाची, इस्त्री केलेली साडी नेसली. बाबांनी अर्धी सुट्टी काढली. समितीच्या ऑफिसात नऊलाच पोचलो. दारातल्या गार्डने टोकन दिलं आणि मोबाइल सायलेंटवर ठेवायला सांगितलं. मी लगेच ठेवला. आई ओठांतल्या ओठांत तेच वाक्य म्हणत बसली होती.

दहा वाजून गेल्यावर आमचा नंबर लागला. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन पाहिली, मग आईकडे पाहिलं.

"हिअरिंग तो ऑनलाइन थी. आप आए नहीं, तो केस खलास."

"आए हैं ना," आई म्हणाली. "नौ बजे से बैठे हैं."

मी मोबाइल काढला. साडेनऊनंतर समितीच्या ऑफिसच्या नंबरवरून तीन मिस्ड कॉल होते.

परतताना टॅक्सीत बाबा म्हणाले, "माझंच चुकलं." फोन करायला मी घाबरलो होतो, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

घरी आल्यावर, 'आम्ही तिथेच बसलो होतो, अर्ज पुन्हा ऐकावा' असं पत्र मी समितीला पाठवलं. टोकनचा फोटो जोडला. मग रोज मी कॉलेजातून आलो की आई विचारायची, "आलं का काही?" बाबा म्हणायचे, "येईल, इन्शाल्ला." नर्सरीतल्या एका मुलाची टोपी चुकून तिच्या पर्समध्ये राहिली होती. ती तिने धुऊन ठेवली होती, कामावर परत जाताना न्यायची म्हणून.

तीन आठवड्यांनी, लायब्ररीत बसलो असताना, उत्तर आलं. अर्जदार सुनावणीला हजर नसल्याने अर्ज फेटाळला होता, तो पुन्हा ऐकला जाणार नाही. कारण एका ओळीत होतं: लिंक असलेला ईमेल अर्जदाराकडे पोचला होता, आणि तो त्याच दिवशी उघडून वाचल्याची नोंद आहे.